डिंकाचे सांधे

स्वयंपाकघरातली कपाटं काढायला आलेल्या मिस्त्रींनी आधी गॅस बंद केला, मग एकेक कपाट उघडून आत खांद्यापर्यंत हात घालून बघितलं. मी म्हटलं, “कालच सगळी रिकामी केलीयेत मी.” ते म्हणाले, “केली असतील ताई. पण स्वतः बघितल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.” आणि कोपऱ्यातल्या कपाटातून, अगदी मागून, काचेची एक बरणी निघालीच. मी दोनदा बघितलं होतं, तरी निघाली. चूक माझी असली की मला राग जास्त येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणजे आता भाऊजी एकटेच उरलेत.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. विजेच्या मीटरचे आकडे घेत दारोदार फिरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण कुणाच्या दारात उभं राहून चार शब्द बोलायची सवय काही लागली नाही. ह्याला बोलायला पैसे पडतात, असं आमचे मास्तर म्हणायचे. आज ते सकाळी सातलाच आले होते आणि तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दाराशी नुसते उभे होते. चहा दिला तोही तसाच हातात थंड केला.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शिंपी होते, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि चाळीस वर्षं त्यांच्या दुकानात काजं-बटणं करता करता मीही तेच म्हणायला लागले. भांडताना तेवढं ‘अहो टेलर’ म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि माझे गुडघे गेलेले. भाजी आणायला उतरलं की वर येताना तीन ठिकाणी बसावं लागतं. शेवटी मी हे घर विकलं आणि दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिथलं स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ. मास्तरांची टेप घेऊन मी स्वतः तिथली भिंत मोजून आले. आमची खालची चार आणि वरची तीन कपाटं तिथे बसतात, शिवाय बोटभर जागा उरते. त्याच दिवशी मी ठरवलं. पलंग देऊन टाकला, कपड्यांचं कपाट देऊन टाकलं, दुकानातली दोन्ही मशिनंसुद्धा देऊन टाकली. हे स्वयंपाकघर मात्र न्यायचं, अख्खं, जसं आहे तसं. ते मास्तरांनी स्वतःच्या हाताने जोडलं होतं, आणि सकाळी उठून त्याच्यासमोर उभं राहिलं की मला दिवस सुरू करता येतो. हे नसेल तर त्या नव्या घरात माझ्या हातून साधा चहाही होणार नाही, अशी मला भीती होती.

भाऊजींनी फोनवर तीनदा सांगून बघितलं होतं, “वहिनी, नवीन घेऊ या ना. जुनं कशाला हलवायचं?” मला वाटलं, मेहनत नको म्हणून म्हणताहेत. मी म्हटलं, “तुम्ही फक्त धरायला या.”

सहा वर्षांपूर्वी ही कपाटं आली ती चपट्या खोक्यांतून. नुसत्या फळ्या, स्क्रूच्या पुड्या आणि शब्द नसलेलं चित्रांचं एक पुस्तक. त्या चित्रातला माणूस प्रत्येक पानावर हसत होता, आमचे मास्तर एकाही पानावर हसले नाहीत. पहिलं कपाट त्यांनी असं जोडलं की त्याचं दार भिंतीकडे उघडायचं. मी हसले तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पण नऊ रविवार खपून त्यांनी सगळं उभं केलं, आणि मग दर महिन्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू आवळत बसायचे. बटण सैल झालं की पडायच्या आत टाकावं, हा त्यांचा दुकानातला नियम, तोच इथे लावला.

मिस्त्रींचेही नियम होते. आधी दारं काढायची, मग आतले कप्पे, मग सांगाडा. उलटं केलं की कपाट डोक्यावर येतं. भिंतीवरचं कपाट कधीही एकट्याने उतरवायचं नाही, एकाने खालून तोललेलं असल्याशिवाय भिंतीतल्या लोखंडी पट्टीवरून उचलायचंच नाही. नळ शेवटी सोडायचा, कारण दिवसभर हात धुवायला पाणी लागतं. प्रत्येक कपाटाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत. “एकाचे स्क्रू दुसऱ्याला लावले की आयुष्यभर दार वाकडं,” ते म्हणाले. “आमच्या एका सोबत्याने घाईत सगळे एकाच डब्यात टाकले होते. अजून बायको बोलते त्याला.”

पिशव्यांचं काम मी घेतलं. दुकानातल्या कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या शिल्लक होत्या, त्यांवर नाव, छाती, कंबर, उंची असे रकाने छापलेले. नावाच्या जागी मी ‘वरचं डावं’ लिहिलं आणि उंचीच्या रकान्यात उंची. छाती-कंबर कोरी सोडली. मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदा हसले.

दारं भराभर निघाली. मग भाऊजींनी खालून खांदा दिला, मिस्त्रींनी वरून उचललं, आणि वरचं डावं कपाट जमिनीवर आलं. मिस्त्रींनी त्याला आडवं घातलं आणि आतल्या चकत्या फिरवायला सुरुवात केली. ह्या कपाटांत फळ्या धरून ठेवायला पत्र्याच्या छोट्या चकत्या असतात, अर्धं वळण दिलं की सुटतात. चारही चकत्या फिरल्या. कपाट काही सुटलं नाही.

मिस्त्रींनी रबरी हातोडीने कडेवर हलकेच ठोकलं. मग थोडं जोरात. मग गुडघ्यावर बसून, मोबाइलचा दिवा लावून कोपऱ्यात बघितलं.

“ताई, हे कोणी जोडलंय?”

“का? नीट नाही जोडलं?”

“फारच नीट जोडलंय. डिंक लावलाय.” त्यांनी नखाने कोपरा खरवडून दाखवला. फळी फळीला मिळते तिथे एक बारीक, पिवळट, कडक रेघ होती. “लाकडाचा पांढरा डिंक. वाळला की असा होतो. बघा, ही कपाटं सुटावीत म्हणूनच अशी केलेली असतात. लाकडी खुंट्या नुसत्या भोकात बसवायच्या आणि चकत्या आवळायच्या. खुंटीला डिंक लावला की दोन फळ्या एक झाल्या. आता ओढलं तर सांधा नाही सुटणार, फळीच फुटेल. आत भुसाच असतो ना दाबलेला.”

मी त्यांना सांगितलं की ते शक्य नाही. कुणीही डिंक लावेल, मास्तर लावणार नाहीत. मास्तरांनी जन्मात कधी शेवटची शिवण घातली नाही. प्रत्येक कपड्यात आतून दोन बोटं कापड ठेवायचे, त्याला शिवणीतली माया म्हणतात, म्हणजे माणूस सुटला किंवा वाळला तरी कपडा उसवून परत बेतता येतो. दुसऱ्या शिंप्याने माया न ठेवता शिवलेला कपडा दुकानात आला की ते गिऱ्हाइकासमोर त्या शिंप्याची कीव करायचे. असा माणूस स्वतःच्या घरात न उसवणारे सांधे करेल, हे मला पटेना.

“असेल वाफेने फुगलेलं,” मी म्हटलं.

“वाफेने फुगतं ते बाहेरून फुगतं, ताई,” मिस्त्री सौम्यपणे म्हणाले. “पण वरच्यांची काळजी नको. ही दारातून अख्खी जातात.”

माझा जीव भांड्यात पडला. वरची तिन्ही अख्खी बाहेरच्या खोलीत गेली. मग त्यांनी ओट्याची लांब फळी सोडवली. फळी दोन तुकड्यांची होती, सिंकचा तुकडा तसाच ठेवून बाकीचा उचलून भिंतीला लावला. खाली चार कपाटं उघडी पडली: कोपऱ्यातलं, खणांचं, शेगडीखालचं आणि शेवटी सिंकखालचं. मिस्त्रींनी कोपरा आणि खण ह्यांच्यामधले स्क्रू काढले आणि दोन्ही हातांनी खणांचं कपाट पुढे ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं तर कोपऱ्यातलंही बरोबर हललं, शेगडीखालचंही.

“एकमेकांनाही चिकटवलीयेत,” ते म्हणाले. मग उठून त्यांनी स्वयंपाकघराचं दार मोजलं, कोपऱ्याचं कपाट मोजलं, आणि टेप बंद करून खिशात ठेवली. ती टेप ज्या तऱ्हेने खिशात गेली ते मला ओळखीचं होतं. कापड कमी पडतंय हे गिऱ्हाइकाला सांगायच्या आधी मास्तर तसंच करायचे.

“तिन्ही मिळून एक नग झालाय. दारातून जाणार नाही, जिन्यात तर वळणारच नाही. करवत लावली तर कडा उडतील, कोपऱ्याचं तर काहीच राहणार नाही. ठेवून जायचं म्हणालात तर नवीन मालक काय करतील ते त्यांचं.”

नवीन मालक काय करणार ते मला माहीत होतं. घर बघायला आले तेव्हाच त्या बाईने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नवऱ्याला सांगितलं होतं, हे सगळं तोडून टाकायचं.

मी खाली बसले. माझ्या गुडघ्यांना खाली बसायची मनाई आहे, पण बसले. भुसा आणि जळमटं ह्यांच्यात हात टेकून मी त्या सांध्याकडे बघत होते, आणि तेव्हा मला ती पट्टी दिसली. शेगडीखालच्या कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, डिंकात अडकलेला बोटभर कापडाचा तुकडा. निळी तिरपी पट्टी, पांढऱ्या टाक्याची. मी ती ओढली, ती निघाली नाही.

“डिंक वाळेपर्यंत फळ्या घट्ट बांधून ठेवायला लागतात,” मिस्त्री म्हणाले. “आम्ही शिकंजे लावतो. ह्यांनी कापडाने बांधलेलं दिसतंय.”

ती पट्टी मी ओळखत होते. शाळेच्या गणवेशांची एक ऑर्डर आली होती, कॉलरला निळी पट्टी, त्या पट्टीला हाताने पांढरा टाका. दोनशे दहा कॉलरी. ते टाके मी घातले होते. ती ऑर्डर सहा वर्षांपूर्वीची नव्हती. ती दुकानातली शेवटची ऑर्डर होती, मास्तर गेले त्याच वर्षीची.

म्हणजे कपाटं जोडली तेव्हा डिंक नव्हता. कुणीतरी नंतर सगळी सोडवून, डिंक लावून, परत जोडली होती. मी घरात असताना हे होणं शक्य नव्हतं. आणि त्या अख्ख्या वर्षात मी घरात नव्हते असे दिवस एकदाच आले होते. एका सोमवारी मास्तरांनी बळेबळे मला बहिणीकडे पाठवलं. “जाऊन ये,” म्हणाले, “ऑर्डर संपली, डोळे दुखतात तुझे. शनिवारपर्यंत राहा.” मला जायचं नव्हतं. आधी महिनाभर त्यांना जेवण जात नव्हतं, पित्त आहे म्हणायचे, आणि मला घरातून काढायची घाई बघून मला फार लागलं होतं. भांडूनच गेले मी. शनिवारी परत आले, आणि रविवारी सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गाठ आहे, खूप पसरली आहे. एकोणीस दिवसांत संपलं. घरी ते परत आलेच नाहीत.

मी मान वर करून भाऊजींकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीकडे बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“डिंकाचं?”

“डिंकाचंही.”

मिस्त्री हातोडी खाली ठेवून बाहेरच्या खोलीत जायला निघाले. मी म्हटलं, “थांबा, मिस्त्री, इथे काही चोरीचं नाही.” पण ते गेले.

भाऊजी बोलायला लागले ते जमिनीकडे बघून. “दादाला डॉक्टरांनी आधीच्या महिन्यात सांगितलं होतं. मी बरोबर होतो. म्हणाला, तिला सांगायचं नाही, ऑर्डर संपू दे, रात्री बसून टाके घालतेय. मग ऑर्डर संपली तर म्हणाला, आधी हे काम करू. मी गेल्यावर कपाटं खिळखिळी होणार, दारं उतरणार. ती कुणाला आवळायला सांगणार नाही. तुला तर नाहीच सांगणार. वाकडं दार तसंच वापरेल आणि एकटी चिडत बसेल. एकदा डिंकाने पक्कं केलं की तिला कुणाचं तोंड बघायला नको. चार दिवसांचं काम होतं, वहिनी. तुम्ही असताना झालं नसतं.”

“आणि घर बदललं तर, हे नाही सुचलं तुम्हा दोघा भावांना?”

“मी म्हटलं त्याला. तो म्हणाला, ती नाही बदलणार. तिनेच सांगितलंय, ह्या घरातून मी आता आडवीच निघेन.”

माझ्या जिभेला हाड नाही. आधीची सात भाड्याची घरं, प्रत्येक वेळी डबे बांधा, डबे सोडा. ह्या घरात आलो तेव्हा मी ते बोलले असेन, एकदा नाही, दहादा बोलले असेन. बोलते ते सगळं मनातलं नसतं, हे त्यांना चाळीस वर्षांत कळायला हवं होतं. पण मास्तरांनी ते माप म्हणून लिहून घेतलं आणि त्यावर कापलं.

मला रडू आलं नाही, राग आला. दोन वर्षं मी समजत होते की आम्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. अचानक झालं, नशीब म्हणून गप्प बसले होते. आणि इथे दोघे भाऊ मूग गिळून बसले होते. मी ओरडले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

“मला कपाटं नको होती, भाऊजी. मला ते दिवस हवे होते. त्याच्याकडे दिवस किती आहेत हे त्याला माहीत होतं, आणि ते त्याने भुशाच्या फळ्या चिकटवण्यात घालवले? मला सांगितलं असतं तर मी त्याच्यासमोर बसले असते. नुसती बसले असते. माझे दिवस घेऊन ह्या खोक्यांना दिले त्याने. तुम्ही धरलंत, तुम्ही पट्ट्या बांधल्यात. तुम्ही तरी मला फोन करायचा होता.”

मास्तरांना मी कधी ‘अरे-तुरे’ केलं नव्हतं. ते माझ्या तोंडून कसं निघालं हे माझ्या लक्षात नंतर आलं.

 डोळे पुसायला भाऊजींनी रुमाल काढला तो स्क्रूच्या पिशव्यांवर पडला, तो त्यांनी उचललाही नाही.

बऱ्याच वेळाने मिस्त्री दारात आले. “ताई, नळ सोडून घेतो तोवर. पाचला किल्ली द्यायची म्हणालात.” मी मानेने हो म्हटलं. मुख्य तोटी बंद करून त्यांनी सिंकखाली बादली ठेवली, पाइप सोडवला, ओट्याचा तुकडा सिंकसकट उचलून बाजूला ठेवला. मग सवयीने शेवटच्या कपाटाच्या चकत्या फिरवल्या. एक, दोन, तीन, चार. आणि डावी फळी त्यांच्या हातात आली.

“हे सुटतंय,” ते म्हणाले. त्यांनी फळीची कड बोटाने चाचपली. “ह्याला डिंक नाही. शेगडीच्या कपाटालाही हे नुसत्या स्क्रूंनीच जोडलंय.”

“ते राहिलं,” भाऊजी म्हणाले.

“राहिलं म्हणजे?” मी विचारलं.

“जाऊ द्या वहिनी.”

“आता काय जाऊ द्यायचं राहिलंय?”

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघून सांगितलं. “गुरुवारी संध्याकाळची गोष्ट. हे एकच उरलं होतं. फळ्या सोडवून झाल्या होत्या, डिंकाची बाटली दादाच्या हातात होती. बसल्या जागी त्याला धाप लागली. बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, पुरे. हे तसंच जोड. मला तिला बघायचंय. आणि तुम्हाला फोन लावला.”

“मला कुठे फोन आला होता,” मी म्हटलं.

म्हटलं आणि आठवला. हा फोन मी विसरले होते. खरंच विसरले होते, कारण त्यात विसरण्यासारखंच सगळं होतं. बहिणीच्या गच्चीत आम्ही बसलो होतो. मास्तर म्हणाले, चहाचा डबा कुठे ठेवलास? मी सांगितला. मग म्हणाले, तिकडे बरं आहे ना? मी म्हटलं, मजेत आहे. मग थोडं थांबून म्हणाले, कधी येतेस? मी म्हटलं, शनिवारी. तुम्हीच सांगितलंत ना, शनिवारपर्यंत राहा. ते म्हणाले, हो, मीच सांगितलं खरं. मी फोन ठेवला आणि बहिणीला म्हटलं, बघ, आता करमत नाहीये, कळू दे जरा.

“मी म्हटलं, परत लावतो, मी सांगतो त्यांना,” भाऊजी म्हणाले. “तर नको म्हणाला. म्हणाला, रागावून गेलीये, राग पुरा होऊ दे. अर्धवट राग घेऊन आली तर महिनाभर पुरवून पुरवून वापरेल. हसला सुद्धा. शुक्रवारी दिवसभर इथे बसून होता, ह्याच भिंतीला टेकून. जेवला नाही. जिन्यात पाऊल वाजलं की म्हणायचा, बघ रे, आली का.”

मिस्त्री दाराकडे तोंड करून उभे होते. बादलीत पाइपातलं उरलेलं पाणी पडत होतं.

शनिवारी मी संध्याकाळी साडेसातला आले. सहाची गाडी मुद्दाम सोडून नंतरची घेतली होती. दार मास्तरांनीच उघडलं. मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही, पिशवी ठेवली आणि म्हटलं, झालं समाधान? ते म्हणाले, झालं. मी पाठ करून झोपले. सकाळी उलटी झाली.

मघाशी मी भाऊजींना ओरडून सांगितलं होतं की माझे दिवस मास्तरांनी घेतले. गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवार आणि शनिवार मी बहिणीच्या गच्चीत पाय पसरून बसले होते. हे दिवस तरी कुणी माझ्यापासून लपवले नव्हते. विचारलं होतं मला त्यांनी, आणि मी उत्तर दिलं होतं.

“ताई,” मिस्त्री म्हणाले, “ह्याच्या फळ्या गाडीत ठेवू का? आणि त्या तिघांचं काय करायचं? करवत आणायची असेल तर आता आणावी लागेल.”

 भाऊजींनीच त्यांना सांगितलं की करवत नको, एवढ्या फळ्या आणि वरची कपाटं न्या. मिस्त्रींनी सिंकखालचं कपाट उरलेलं सोडवलं, फळ्या एकावर एक रचल्या, दोरीने बांधल्या आणि खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागले. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांची पावलं तिन्ही मजले खाली जाईपर्यंत मी ऐकत राहिले.